आधी झाकण, मग हीटर

पोहण्याच्या तलावाला हीटर कुठला घ्यावा यावर आसेगावच्या माणसाने मत द्यावं, हे तसं विनोदीच आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ वर जाऊन बसतो. दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की हात भाजतो. इथे पाणी तापवायचं कुणाला सुचत नाही, थंड कसं ठेवायचं हीच विवंचना. पण मत आहे, आणि आता ते ठामही झालंय. अमेरिकेतल्या आपल्या पोरांनी परसातल्या त्या गोल तलावासाठी हीटर शोधायच्या आधी त्यावर झाकण घालावं. झाकण घालून पंधरा दिवस काढावेत, आणि मगच हीटरचा विषय काढावा.

विषय निघाला भाच्यामुळे. तो न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. गेल्या वर्षी त्याने घरामागच्या हिरवळीवर तलाव उभा केला. खणलेला नाही, पत्र्याची गोल भिंत, आत प्लास्टिकचं अस्तर, चढायला शिडी. व्यास अठरा फूट, पाणी चार फूट. (त्याला तो 'पूल' म्हणतो. आमच्याकडे पूल म्हणजे नदीवरचा, त्यामुळे घरात सगळे त्याला 'टाकं' म्हणतात. मीही टाकंच म्हणणार.) पोरांसाठी घेतलं हे खरं, पण खरी गरज ताईची आहे. ताई माझी थोरली बहीण, भाच्याची आई. दरवर्षी उन्हाळ्यात चार-पाच महिने ती तिकडे असते. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन टाळायचं तर पाण्यात चाला. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, गुडघ्यावर वजन येत नाही आणि स्नायूंना व्यायाम मिळतो. टाकं उभं राहिलं, पाणी भरलं, ताईने पाय घातला आणि ओरडली, "बाप्पा! पाणी हाय का बरफ! एवढं मोठं टाकं भरून ठेवलं अन् पाय टाकाची सोय नाही!"

मे अखेरीला तिथलं पाणी वीस-एकवीस अंशांवर असतं. पोरं त्यात तासभर डुंबतात, त्यांचं रक्त वेगळं. पोहण्याच्या शर्यतींचं पाणीसुद्धा २५ ते २८ अंश ठेवतात, आणि संधिवाताच्या माणसांनी व्यायाम करायचा तर २८ ते ३१ अंश बरं असं म्हणतात. म्हणजे ताईला आठ अंश तरी जास्त हवेत. ते कुठून आणायचे, यावर आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर दोन आठवडे रणकंदन चाललं. टेक्सासचे जावईबापू म्हणाले गॅस, दोन तासांत पाणी ऊन. पुण्याची पुतणी म्हणाली सोलर, फुकटची ऊर्जा. भाच्याचा शेजारी म्हणतो हीट पंप. शेवटी कुणीतरी लिहिलं, "मामाला विचारा, त्याने जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलंय." विचारलंत ना? मग आता वाचा :)

आधी हिशोब. अठरा फूट व्यास आणि चार फूट खोली, म्हणजे जवळजवळ २८,८०० लिटर पाणी. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी, हे सातवी-आठवीतलं पोरगंही सांगेल. तर हे सगळं पाणी एक अंश तापवायला २८,८०० किलोकॅलरी, विजेच्या भाषेत साधारण साडेतेहतीस युनिट. आठ अंशांना २६८ युनिट. आपल्या मोरीतल्या बादलीत टाकतो ती दीड किलोवॅटची रॉड या टाक्यात सोडली (सोडू नका!) तर साडेसात दिवस आणि रात्री अखंड चालेल तेव्हा कुठे ताईचे आठ अंश भरतील. तेही मधल्या काळात एक कॅलरीसुद्धा निसटली नाही तर. आपल्या घरगुती गॅस सिलिंडरच्या मापात सांगायचं तर जवळपास पावणेदोन सिलिंडर. म्हणजे जावईबापूंचे 'दोन तास' कुठल्या हिशोबाने आले ते त्यांनाच ठाऊक. बाजारात छोट्या टाक्यांसाठी जो गॅस हीटर मिळतो, त्याला याच कामाला दहा-अकरा तास लागतील.

पण हा झाला एकदाच तापवण्याचा खर्च, आणि घोडं अडतं ते पुढे. पाणी तापवलं, रात्र झाली, सकाळी पुन्हा गार. गेलं कुठे ते?

याचं उत्तर विदर्भातल्या प्रत्येक घरात ठेवलेलं आहे. माठ. माठातलं पाणी गार का होतं? मातीच्या भिंतीतून थोडं थोडं पाणी बाहेर झिरपतं, वारा लागून त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून ओढून घेते. कूलरचंही तेच. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडा, मागून पंखा लावा, ४३ च्या दुपारी खोलीत सुखाची झोप. पावसाळ्यात तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं आणि वाफ व्हायला जागा नसते. वाफेत दडलेल्या या उष्णतेचा हिशोब स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने ग्लासगोत १७६० च्या दशकात मांडला. दहावीच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. पोरं त्याचा ५४० हा आकडा पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तो आकडा उकळत्या पाण्याचा. पोहण्याच्या पाण्याला, म्हणजे पंचवीस-तीस अंशांना, तो जास्त असतो, ५८० च्या आसपास. अर्थ असा की एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ५८० लिटर पाणी एका अंशाने गार होतं.

आता टाक्याकडे या. अठरा फुटी टाक्याचं तोंड साडेतेवीस चौरस मीटर. एका रात्रीत पाच मिलिमीटर पाणी उडालं, तर कडेला खूण केल्याशिवाय कळणारसुद्धा नाही. पण ते ११८ लिटर झालं. गुणिले ५८०, भागिले २८,८००. जवळजवळ दोन अंश आणि वर थोडं. ८० युनिटांची उष्णता आभाळात गेली आणि कुणाला पत्ता नाही. त्यातली काही हवेतून येते, सगळी पाण्याची नसते, हे मान्य. पण अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचाही आकडा असाच आहे: तलावातून जी उष्णता जाते तिच्यातली ७० टक्के या वाफेवाटे. भिंतीतून, तळातून जाते ती किरकोळ.

म्हणजे भाच्याने परसात काय उभं केलंय? अठरा फुटांचा माठ, आणि तोही वाऱ्यावर. आता त्या माठाला हीटर लावायचा म्हणजे एका हाताने कूलर चालू करायचा आणि दुसऱ्या हाताने शेगडी पेटवायची. माठ कसा चालतो हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे, त्या पोराने अमेरिकेत जाऊन हे विसरावं याचं मला नवल वाटतं.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मधोमध धुराडं, त्यात तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या पेटवायच्या, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी, बाजूला तोटी. विस्तव पाण्याच्या पोटात, त्यामुळे चुलीवरच्या हंड्यापेक्षा कितीतरी कमी जळणात पाणी कढत व्हायचं. त्या बंबाचं झाकण कुणी उघडं टाकलं की आजी जी काय ओरडायची! तिला अप्रकट उष्मा ठाऊक नव्हता, शेतातून तुराट्या डोक्यावर आणाव्या लागतात हे ठाऊक होतं.

आणि आमची विहीर. थंडीत पहाटे तिच्या पाण्यावर धूर दिसायचा, पाठीला रिकामा डबा बांधून आम्ही उड्या टाकायचो, आत ऊबदार. हीटर नाही काही नाही. जमीन खोलवर वर्षभर एकाच तापमानाला असते, आणि खाली वारा पोचत नाही. भाच्याचं टाकं म्हणजे विहिरीच्या नेमकं उलट. चार फूट जमिनीच्या वर, चारी बाजूंनी वारा. म्हणून झाकणाच्या बरोबरीने मी सांगेन, ज्या बाजूने वारा येतो तिकडे कुंपण किंवा झुडपांचा आडोसा करा. खर्च काय, दोन फळ्या.

झाकण म्हणजे कसलं? फुगे-फुगे असलेलं प्लास्टिक असतं ना, नाजूक वस्तू गुंडाळून येतात तसलं, त्याचा जाड अवतार. फुग्यांची बाजू खाली ठेवून पाण्यावर अंथरायचं. वाफ थांबते आणि ऊन आत जातं. ऊर्जा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे नुसत्या झाकणाने तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्के कमी होतो. उन्हाचा हिशोब तर अजून गमतीचा आहे. जूनमध्ये न्यू जर्सीचा दिवस पंधरा तासांचा, आमच्यापेक्षा पावणेदोन तास मोठा. चांगल्या उन्हाच्या दिवशी चौरस मीटरला पाच युनिट पाण्यात मुरली असं धरलं तरी टाक्याला दिवसाला ११८ युनिट मिळतात, साडेतीन अंशांची कमाई. बाजारातला मध्यम हीट पंप आठ तास घरघरला तर एवढंच देतो. सूर्य रोज एक हीट पंप चालवून जातो आणि रात्री आपण उघड्या तोंडाने ते सगळं परत करतो.

शिवाय पाणी वाचतं ते वेगळं. ११८ लिटर म्हणजे किती? जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर द्यायचं ठरलं आहे. भाच्याच्या टाक्यातून एका रात्रीत दोन माणसांचं दिवसाचं पाणी उडतं. तिकडे पाण्याची ओरड नाही, त्यामुळे यावर मी त्याला बोल लावत नाही. पण वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाळ्यात टँकरभोवतीची गर्दी आठवल्याशिवाय राहत नाही.

बरं, झाकण घातलं. तरीही ताईला २८-२९ अंश जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सप्टेंबरात हवेत. तिथे हीटर लागेल, हे मी कबूल करतो. मग कुठला?

यात लोक हीटरकडे बघून ठरवतात. पाण्यात कोण आणि किती वेळा उतरणार, ते बघून ठरवायला हवं. गॅसचा हीटर म्हणजे आपला बंबच. खाली ज्वाला, वर तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून पाणी. बाहेर थंडी असो, ढग असोत, त्याला फरक पडत नाही. हुकूम केला की पाणी तापवतो. ज्याच्याकडे शनिवारी पाहुणे येणार आणि बाकी आठवडा टाकं रिकामं, त्याने खुशाल गॅस घ्यावा. मात्र घराची गॅसची लाइन परसात नेणं हा मोठा खर्च असतो, आणि मटण भाजायच्या शेगडीचं छोटं सिलिंडर जोडायचा विचार कुणी करू नये, ते चार तासांत संपेल. आणि हा हीटर उघड्यावरच हवा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात असतात.

हीट पंप हा उलटा केलेला फ्रिज. फ्रिजच्या पाठीमागे हात लावून बघा, ऊन लागतं. ती आतल्या दुधा-भाजीतून काढलेली उष्णता. हा पंप हवेतून उष्णता काढतो आणि पाण्यात सोडतो. एक युनिट विजेवर चार-पाच युनिट उष्णता मिळते, म्हणून तो स्वस्त. पण कागदावरचा आकडा बघताना एक ध्यानात ठेवा: तो साधारण २७ अंशांच्या हवेत मोजलेला असतो. २७ अंश हवा असेल तर ऊन आहेच, तेव्हा पंप लागतो कुणाला? हवा दहा अंशांवर आली की तो दमतो. आणि तो सावकाश आहे, आठ अंशांना अठरा-वीस तास. रोज थोडं थोडं पाणी सांभाळणं हे त्याचं काम.

सोलरबद्दल पुतणीची एक गल्लत आहे. आपल्या गच्चीवर काचेच्या नळ्यांचा जो सोलर असतो, तो शंभर-दोनशे लिटर पाणी साठ अंशांवर नेतो. टाक्याला उलटं हवं, पुष्कळ पाणी आणि थोडे अंश. त्यासाठी काळ्या प्लास्टिकच्या साध्या, बिनकाचेच्या चटया मिळतात, आणि टाक्याचा गाळणीपंपच पाणी त्यांतून फिरवतो. विजेचा वेगळा खर्च जवळपास नाही. अट एकच, जागा. टाक्याच्या तोंडाच्या निम्म्यापासून ते तेवढ्याच क्षेत्रफळापर्यंत चटया लागतात, त्याही दक्षिणेच्या उन्हात. भाच्याच्या घराच्या दक्षिणेला दोन मोठी झाडं आहेत, आणि टाक्यासाठी झाड तोडायचं म्हणत असेल तर त्याने मला फोन करू नये.

तर ताई रोज सकाळी उतरणार, दोन्ही वेळा उतरली तर उत्तमच. रोजचं काम, ठराविक तापमान, एप्रिल-नोव्हेंबरची हौस नाही. माझं मत झाकण अधिक छोटा हीट पंप. गॅसवाले हसतील. हसू देत. रोज तापवून रोज गार होऊ द्यायचं त्यांच्या पद्धतीत आहे. झाकलेल्या टाक्याला रात्री अंशभर उतरू द्यायचं आणि दिवसा भरून काढायचं, एवढंच या पंपाला करायचंय.

भाचा म्हणतो, "मामा, झाकण रोज काढायचं-घालायचं कोण?" हा आक्षेप खरा आहे, आणि झाकण विकत घेऊन गॅरेजमध्ये पडलेल्या घरांची संख्या कमी नसावी. खणलेल्या लांबट तलावाला गुंडाळायचं रूळ बसवता येतं, गोल उभ्या टाक्याला ते अडचणीचं. माझा उपाय गावठी आहे. झाकण मधोमध कापून त्याचे दोन अर्धे करा. दोन माणसं दोन मिनिटांत काढतात, एकटा माणूसही ओढू शकतो. ताईने उतरायच्या वेळी तर अर्धंच काढलं तरी चालतं, तिला फेऱ्या मारायला तेवढी जागा पुष्कळ. मात्र घरात लहान पोरं आहेत म्हणून बजावून सांगतो: हे झाकण माणसाचा भार घेत नाही. त्यावर पोरगं पडलं तर खाली अडकेल आणि वरून दिसणारही नाही. पोरं पाण्यात असताना झाकण पूर्ण बाहेर, आणि मोठं माणूस जवळ नसेल तेव्हा शिडी काढून ठेवलेली. यात सवलत नाही.

अजून दोन गोष्टी, मग थांबतो. क्लोरीनच्या गोळ्यांचं भांडं पाण्याच्या वाटेत हीटरच्या पुढे, म्हणजे हीटरमधून पाणी निघाल्यावर बसवायचं. आधी बसवलं तर ते तिखट पाणी हीटरच्या नळ्या खातं. आणि विजेचं काम यूट्यूब बघून स्वतः करायचं नाही. पाणी, पत्र्याची भिंत आणि ओल्या पायांची माणसं एकत्र आली आहेत. तिकडे त्यासाठी वेगळे नियम आहेत, परवान्याचा माणूस बोलव, पैसे दे.

आणि भाच्या, पंपाची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं कर. बाजारातून एक तरंगता थर्मामीटर आण. तीन रात्री टाकं उघडं ठेव, तीन रात्री झाकून. रात्री दहाला आणि सकाळी सहाला आकडा लिही, वारा होता की नाही तेही लिही. सहाला तू उठत नाहीस हे मला ठाऊक आहे, ताई उठते, तिला सांग. ते आकडे मला पाठव. पंप केवढा घ्यायचा ते त्यावरून काढून देतो.